घटिकापात्राचा प्रश्न : शालेय भौतिकी-स्पर्धेतील संशोधन-समस्या व त्यांची भाषा

भाषाशास्त्राचा व्यासंग करणाऱ्या व्यक्तीने भौतिकशास्त्रातील प्रयोगांविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. त्याचा खुलासा प्रारंभीच केलेला बरा. काही काळापूर्वी एका मराठी माध्यमाच्या शाळेतील विज्ञानशिक्षिका प्रस्तुत लेखकाकडे एक लहानसे काम घेऊन आल्या. एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत विचारल्या जाणाऱ्या काही प्रायोगिक समस्या त्यांना आपल्या विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावयाच्या होत्या. त्यांचे मराठी रूपांतर करून द्यावे, एवढीच त्यांची विनंती होती. समस्या प्रत्येकी तीन-चार ओळींच्या. त्यांत गणित नाही, अवघड पारिभाषिक संज्ञाही फारशा नाहीत. एका संध्याकाळचे काम, असे समजून ते स्वीकारले. आणि ते चुकले. कसे चुकले व त्या चुकीतून काय हाती आले, हे सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. परंतु त्यापूर्वी त्या स्पर्धेचे स्वरूप समजून घेणे अवश्य आहे.

१. स्पर्धेचे स्वरूप

शालेय विद्यार्थ्यांच्या भौतिकशास्त्रविषयक स्पर्धा म्हटल्या की आपल्याकडे प्रथम ऑलिंपियाडचे नाव निघते. ही आंतरराष्ट्रीय परीक्षा १९६७ साली वॉर्सा येथे सुरू झाली. २०१५ साली ती मुंबईत भरली होती. तिच्यात प्रत्येक विद्यार्थी एकटा बसतो, पाच तासांची लेखी परीक्षा व पाच तासांची प्रयोगपरीक्षा देतो, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे परीक्षकांस अगोदरच ठाऊक आहेत असे प्रश्न सोडवितो. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ज्या स्पर्धेविषयी येथे लिहावयाचे आहे ती निराळ्या जातीची आहे.

१९७९ साली मॉस्को विद्यापीठात येवगेनी युनोसोव यांच्या पुढाकाराने तरुण भौतिकविदांची एक स्पर्धा सुरू झाली. १९८८ पासून तिला आंतरराष्ट्रीय रूप आले. इंटरनॅशनल यंग फिजिसिस्ट्स टूर्नामेंट या नावाने ती ओळखली जाते. दर वर्षी सतरा समस्या जाहीर होतात, आणि स्पर्धेस सुमारे एक वर्षाचा अवधी असताना त्या सर्वांच्या हाती पडतात. पाच विद्यार्थ्यांचा एक संघ असतो. वर्षभर संघाने प्रयोग करावयाचे, मोजमापे घ्यावयाची, उपपत्ती मांडावयाची व ती प्रयोगाशी ताडून पाहावयाची. समस्या गुप्त नसतात. किंबहुना गुप्ततेचा येथे काही उपयोगच नाही. कारण या समस्यांना पुस्तकाच्या शेवटी छापता येईल असे उत्तर नसते.

प्रत्यक्ष स्पर्धेस त्यांच्या परिभाषेत 'भौतिकीची झुंज' असे म्हणतात. एका झुंजीत बहुधा तीन संघ समोरासमोर येतात व प्रत्येकाच्या वाट्यास आळीपाळीने तीन भूमिका येतात. पहिला निवेदक : तो बारा मिनिटांत आपल्या संघाचे संशोधन मांडतो. दुसरा प्रतिपक्षी : कोणत्या समस्येवर निवेदन व्हावे याचे आव्हान हाच देतो, आणि निवेदन झाल्यावर त्यातील उणिवा, चुका व बलस्थाने दाखवून निवेदकाशी चर्चा करतो. तिसरा समीक्षक : तो या दोघांच्याही कामगिरीचे मूल्यमापन करतो. आव्हान ठरावीक वेळा नाकारता येते. त्यापलीकडे नाकारल्यास गुण घटतात. पंच प्रत्येक भूमिकेस एक ते दहा या श्रेणीत गुण देतात, आणि दीर्घकाळ चालत आलेल्या नियमांनुसार निवेदकाच्या गुणांस तीनाने, प्रतिपक्ष्याच्या गुणांस दोनाने व समीक्षकाच्या गुणांस एकाने गुणिले जाते. म्हणजे दुसऱ्याच्या संशोधनाविषयी नीट बोलता येणे हे येथे गौण कौशल्य मानलेले नाही. एकूण सहा भागांपैकी तीन भाग त्यासाठीच राखून ठेविले आहेत. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष प्रथम वेधले गेले ते या तीन भागांकडे.

२. समस्यांची घडण

समस्यांचे विषय पाहिले असता त्यांचे साधेपण डोळ्यांत भरते. २०१३ सालच्या एका समस्येत एकच कागद व किंचित गोंद वापरून २८० मिलिमीटरच्या अंतरावर पूल बांधावयाचा होता. पुलाचे बळ कोणत्या मापाने मोजावयाचे, हेही विद्यार्थ्यांनीच ठरवावयाचे होते. २०१५ साली कॉफीचा पेला हाती घेऊन चालताना कॉफी का सांडते, हा प्रश्न होता. २०१८ साली थंडगार बाटलीच्या तोंडावर ठेविलेले नाणे आपोआप टकटक का करते, हे पाहावयाचे होते. २०२० च्या यादीत पेन्सिलीने कागदावर ओढलेल्या रेघेतून वीज कशी वाहते, बाटलीमागे ठेविलेली मेणबत्ती बाटलीवर समोरून फुंकर घातली असताही का विझते, आणि मिरपुडीची डबी नुसती हलविण्याऐवजी तिच्या बुडावर एखादी वस्तू घासली असता पूड भराभर का पडते, अशा समस्या होत्या. त्या वर्षीची स्पर्धा महासाथीमुळे होऊ शकली नाही. परंतु समस्यांचे मोल त्यामुळे कमी झाले असे नव्हे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जे लागते ते बहुधा स्वयंपाकघरात किंवा दप्तरात सापडेल. परंतु सारी अडचण वाक्यांच्या शेवटी असते. पाठ्यपुस्तकातील प्रश्न 'किती?' असे विचारतो. 'काढा', 'सिद्ध करा', 'कारणे द्या' ही त्याची क्रियापदे. येथे मात्र बहुतेक समस्या दोनच क्रियापदांवर येऊन थांबतात : घटनेचे स्पष्टीकरण करा, आणि संबंधित प्राचलांवर ती कशी अवलंबून आहे याचे अन्वेषण करा. 'प्राचल' म्हणजे ज्याचे मूल्य आपण बदलू शकतो व ज्याच्या बदलाने निष्पत्ती बदलू शकते अशी राशी. संज्ञा रूढ आहे व कोशात मिळते. रूपांतरकर्त्याचा घात ती करीत नाही. त्याचा घात करतो तो तिच्या अलीकडचा 'संबंधित' हा निरुपद्रवी दिसणारा शब्द.

३. एका समस्येचे मराठीकरण

२०२० च्या यादीतील सहावी समस्या एका भांड्याविषयी आहे. तळाला छिद्र असलेले भांडे पाण्यावर ठेविले असता ते हळूहळू भरून बुडते. सॅक्सन लोक त्याचा उपयोग काळ मोजण्यासाठी करीत. बुडण्याचा काळ कोणत्या प्राचलांनी निश्चित होतो ते शोधा, असा तिचा आशय. वाचताक्षणी कोणाही मराठी वाचकास ओळख पटावी. हे तर आपले घटिकापात्र! विवाहमुहूर्त साधण्यासाठी मांडवात ठेवीत असत ते हेच. सूर्यसिद्धांतात त्याचे वर्णन आहे : तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र स्वच्छ पाण्याच्या कुंडात ठेविले असता ते एका अहोरात्रात साठ वेळा बुडते. चोवीस तासांचे साठ भाग केले की एक घटका चोवीस मिनिटांची होते. आपली भाषा या पात्राने भरलेली आहे. 'घटिका' म्हणजे लहानसा घट. प्राकृतात दोन स्वरांमधील टकाराचा डकार होऊन जशी 'घट' शब्दापासून 'घडा' हा शब्द आला, तशीच 'घटिके'पासून 'घडी'. आणि 'घड्याळ' या शब्दाच्या पूर्वार्धात तीच घडी आहे. एखाद्याची 'घटका भरली' असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात भरते ते पाण्याने भांडे. भरल्याबरोबर ते बुडते, म्हणूनच त्या प्रयोगास अशुभाची छाया आली असावी.

या ओळखीच्या आनंदात रूपांतर केले. ते साधारणपणे असे होते : 'घटिकापात्राच्या छिद्राचा व्यास, पात्राचे वजन, पात्राचा आकार व पाण्याचे तापमान यांचा बुडण्याच्या कालावधीवर होणारा परिणाम प्रयोगाने अभ्यासा.' 'संबंधित प्राचले' हे शब्द शालेय विद्यार्थ्यांस दुर्बोध वाटतील, म्हणून त्यांचा अर्थ उलगडून सांगितला, एवढीच त्यामागील भावना होती. मराठी शुद्ध होते, वाक्य सुबोध होते.

काही आठवड्यांनी शिक्षिकेने विद्यार्थ्यांच्या वह्या आणून दाखविल्या. प्रत्येक गटाने चार तक्ते केले होते व चार आलेख काढले होते. काम नीटनेटके होते. परंतु कोणत्याही गटाने पाचवी गोष्ट तपासली नव्हती. पाणी स्वच्छ असण्यानसण्याने काय होते, हा प्रश्न कोणास पडला नव्हता. प्राचीन ग्रंथकारास मात्र तो पडलेला दिसतो. पात्राच्या आत व बाहेर पाण्याची पातळी कशी बदलते, हे कोणी पाहिलेच नव्हते. याखेरीज दोन गटांनी पात्र बरोबर चोवीस मिनिटांत बुडेपर्यंत छिद्र मोठे करण्यातच बहुतेक वेळ घालविला होता. कारण 'घटिकापात्र' या नावानेच त्यांना उत्तर सांगून ठेविले होते. 'यांत शोधायचं असं काही उरलंच नव्हतं,' असे त्या शिक्षिका कोणताही दोष न देता म्हणाल्या. दोष त्यांनी दिला नाही. परंतु तो कोठे होता हे स्पष्ट होते.

मूळ समस्येत 'संबंधित' म्हणजे काय हे सांगितलेले नाही, कारण तेच तर शोधावयाचे आहे. कोणत्या राशींचा संबंध आहे व कोणत्यांचा नाही, हा निवाडा विद्यार्थ्याने करावयाचा. रूपांतरकर्त्याने यादी दिली की संशोधनाची समस्या क्षणात प्रात्यक्षिकाचा पाठ बनते. भाषांतरात अर्थ सुटणे हा दोष सर्वांस परिचित आहे. येथे दोष उलट प्रकारचा होता : मूळात हेतुपुरस्सर न सांगितलेला अर्थ भाषांतराने सांगून टाकला.

४. पात्र कसे बुडते

विद्यार्थ्यांच्या हातून काय निसटले हे कळण्यासाठी पात्राचे गणित थोडक्यात पाहू. पात्र सरळ उभ्या भिंतींचे, सपाट तळाचे व पातळ पत्र्याचे आहे असे समजा. ते सावकाश बुडत असल्यामुळे प्रत्येक क्षणी तरंगण्याचा नियम लागू पडतो : पात्राने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन हे पात्राचे वजन व आत शिरलेल्या पाण्याचे वजन यांच्या बेरजेइतके असते. आत जितके पाणी शिरते, नेमके तितकेच अधिक पाणी बाहेर बाजूस सारावे लागते. म्हणून बाहेरची पातळी व आतली पातळी यांतील अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत कायम राहते. ते अंतर किती? पात्राच्या वजनाइतक्या पाण्याचे घनफळ भागिले तळाचे क्षेत्रफळ, इतके.

पाणी छिद्रातून कोणत्या वेगाने आत येते, हे टॉरिचेलीच्या नियमाने याच अंतरावरून ठरते. अंतर कायम, म्हणून वेगही कायम. आत पाणी साठत चालले तरी आत येण्याची गती मंदावत नाही. जे पात्र आपोआप एकाच गतीने भरते, ते काळ मोजण्यास किती योग्य, हे सांगावयास नकोच.

काही आकडे घेऊन पाहू. व्यास १० सेंटिमीटर, उंची ८ सेंटिमीटर व वस्तुमान १०० ग्रॅम असे पात्र घेतले, तर तळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर होते व पातळ्यांतील अंतर सुमारे १.२७ सेंटिमीटर. त्यावरून पाण्याचा वेग सेकंदास सुमारे ५० सेंटिमीटर निघतो. छिद्राचा व्यास १.२५ मिलिमीटर घेतला व छिद्रातून जाताना धार आकसते त्याबद्दल ०.६ हा गुणक धरला, तर सेकंदास सुमारे ०.३७ घनसेंटिमीटर पाणी आत येते. काठ पाण्याच्या पातळीस टेकेपर्यंत सुमारे ५२८ घनसेंटिमीटर पाणी आत यावे लागते. त्यास सुमारे २४ मिनिटे लागतात. म्हणजे एक घटका! अर्थात ०.६ हा गुणक गृहीत धरलेला आहे. तो या विशिष्ट छिद्रासाठी प्रयोगानेच ठरवावा लागेल, आणि चांगला प्रतिपक्षी पहिले बोट तेथेच ठेवील.

आता याच पात्रात आणखी १०० ग्रॅम वजन ठेवा. वस्तुमान दुप्पट झाले, म्हणून अंतर दुप्पट. वेग दोनाच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे सुमारे १.४१ पट. घाईने विचार करणारा म्हणेल की २४ मिनिटांच्या जागी आता १७ मिनिटे लागतील. प्रत्यक्षात १४ मिनिटांहूनही किंचित कमी वेळ लागावयास हवा. कारण जड झालेले पात्र प्रारंभीच अधिक खोल बसते व त्यास बुडण्यासाठी आत कमी पाणी पुरते. घड्याळ व भाकीत यांत असा तीन मिनिटांचा फरक दिसला की विद्यार्थ्यास उपपत्तीकडे परत जावे लागते. संशोधन म्हणतात ते याच परत जाण्यास.

उपपत्तीतील गृहीते एकेक करून सोडविली म्हणजे पुढचे प्रश्न उभे राहतात. पत्रा अगदी पातळ नसेल तर? पाण्याखाली गेलेल्या धातूचे वजन त्याने सारलेल्या पाण्याइतके घटते. तांबे पाण्याच्या सुमारे नऊ पट जड आहे. तेव्हा सर्व पात्र बुडण्याच्या बेतात आले असता त्याचे वजन सुमारे एक-नवमांशाने घटलेले असते, आणि आत येणाऱ्या पाण्याची गती ५ ते ६ टक्क्यांनी कमी झालेली असते. पात्र अर्धगोल असेल तर? पात्र खाली जाऊ लागले की पाण्याच्या पातळीवरील त्याचा छेद मोठा होतो, म्हणून पातळ्यांतील अंतर घटते व गती मंदावत जाते. अशा पात्राच्या आत समान अंतरावर रेघा ओढून घटकेचे समान भाग पाडता येणार नाहीत. त्याच्या बुडण्याचा क्षण तेवढा भरवशाचा. पाणी तापले तर? २० अंश सेल्सिअसला पाण्याची जी विष्यंदिता असते ती ४० अंशांस सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. बारीक छिद्रातून जाणाऱ्या धारेस याचा फरक पडतो. पाणी गढूळ असेल तर? भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे : पात्रात मोती पडून छिद्र बुजले व मुहूर्त टळला. आख्यायिकेत इतिहास नसेल. परंतु छिद्र बुजणे हे या यंत्राचे खरोखरीचे मर्मस्थान आहे, हे ती सांगणारास पक्के ठाऊक होते.

उलट, काही गोष्टींचा संबंध नसतो, आणि तेही दाखवावे लागते. बाहेरची घागर अरुंद असेल तर पात्र भरताना तिच्यातील पातळी उतरेल व काळ बदलेल, असे सकृद्दर्शनी वाटते. तसे होत नाही. पात्रात शिरणारे पाणी घागरीतूनच आलेले असते, आणि पात्र तितकेच अधिक पाणी बाजूस सारते. म्हणून पात्र तरंगत आहे तोवर बाहेरची पातळी हलत नाही. ती उतरते ते पात्र बुडाल्यावर. 'असंबंधित' राशी ओळखणे हेही संबंधित राशी ओळखण्याइतकेच ज्ञान आहे.

५. 'कशाकशावर'

दुसरे रूपांतर करताना प्रश्न असा होता : संबंध असलेल्या गोष्टी अनेक आहेत हे सुचवावयाचे, परंतु एकीचेही नाव घ्यावयाचे नाही. 'संबंधित प्राचले' हा शब्दप्रयोग ठेवावा तर विद्यार्थी बिचकतो. उलगडावा तर समस्या संपते. मार्ग सापडला तो आपल्या बोलीतच. प्रश्नार्थक सर्वनामाची द्विरुक्ती करण्याची सोय मराठीस आहे : कोणकोण आले, काय काय आणले, कोठेकोठे गेलात. या द्विरुक्तीने उत्तर अनेकवचनी आहे असे गृहीत धरले जाते, परंतु त्या अनेकांपैकी एकाचाही निर्देश होत नाही. तेव्हा दुसरे रूपांतर असे झाले : 'तळाला छिद्र असलेले भांडे पाण्यावर ठेविले असता काही वेळाने बुडते. हा वेळ कशाकशावर अवलंबून आहे व कशावर नाही, याचा शोध घ्या.' घटिकापात्राचे नाव काढून टाकले. ते विद्यार्थ्यांनी मागाहून आपण होऊन काढले तर उत्तमच.

दुसऱ्या वर्षी नवीन विद्यार्थ्यांचे काम चालू असताना ते पाहण्याचा योग आला. एक मुलगी स्टीलच्या डब्याच्या आतून व बाहेरून कागदी पट्टी चिकटवून दर मिनिटास दोन्ही पातळ्या लिहून घेत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, 'बाई, दोन्ही आकडे वाढताहेत, पण त्यांच्यातला फरक तेवढाच राहतोय. माझं काही चुकतंय का?' बाईंनी उत्तर दिले नाही. 'आणखी एकदा करून बघ,' एवढेच त्या म्हणाल्या. उपपत्तीचा गाभा त्या मुलीच्या पट्टीवर उतरला होता. त्यास शब्द मिळावयास आणखी तीन दिवस लागले, आणि ते शब्द मराठीत मिळाले.

६. प्रतिपक्षाची मर्यादा

स्पर्धेच्या नियमांतील एक अट भाषेच्या व तर्काच्या अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. प्रतिपक्षी निवेदकाच्या संशोधनाची चिकित्सा करतो. परंतु त्या निमित्ताने त्याने स्वतःचे उत्तर मांडावयाचे नाही. चर्चा निवेदकाच्याच उपपत्तीची व्हावयास हवी.

आपल्या न्यायशास्त्रात कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रमाण व तर्क यांच्या आधाराने तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. छल, जाती इत्यादी साधने वापरून जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न स्थापिता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे ती वितंडा. या वर्गीकरणाने पाहिले तर उपर्युक्त नियम प्रतिपक्ष्यास वितंडेकडे ढकलतो असे वाटेल, कारण स्वपक्ष मांडण्यास त्यास मनाई आहे. परंतु बारकाईने पाहता तसे नाही. वितंडा निंद्य ठरते ती स्वपक्ष नसल्यामुळे नव्हे, तर तत्त्वनिर्णयाची इच्छा नसल्यामुळे. येथे प्रतिपक्ष्याने केवळ दोष दाखवून भागत नाही. बलस्थानेही दाखवावी लागतात, आणि दोष कोणत्या प्रयोगाने दूर होईल हे सांगणारा प्रतिपक्षी पंचांच्या मनात अधिक भरतो. शिवाय समीक्षक त्याच्या बोलण्याचेच परीक्षण करावयास बसलेला असतो. खंडनावर अशी देखरेख असली की वितंडेचे रूप राहूनही वादाचे प्रयोजन साधते.

शाळेत झालेल्या एका लहानशा झुंजीत याचा प्रत्यय आला. निवेदक विद्यार्थ्याने वाचून दाखविले : 'छिद्राचा व्यास दुप्पट केला असता काळ चतुर्थांश होतो असे आढळते.' प्रतिपक्षी मुलाने विचारले, 'कोणाला आढळतं? किती वेळा करून?' वर्गात हशा पिकला. परंतु प्रश्न अचूक होता. 'असता' व 'असे आढळते' ही आपल्या प्रयोगवह्यांतील ठरीव वाक्यरचना आहे. तिच्यात कर्ता नसतो, संख्या नसते, व काळही नसतो. ज्ञान जणू स्वयंभू असते. पुस्तकात सिद्ध झालेल्या नियमास ती शोभते. जे काल आपण स्वतः तीनदा मोजले, त्यास 'आम्ही तीन वेळा मोजले. दोनदा काळ जवळजवळ चतुर्थांश भरला, एकदा भरला नाही' असे म्हणावयास हवे. या दोन वाक्यांतील अंतर केवळ शैलीचे नाही. पहिले वाक्य प्रश्नास वाव ठेवीत नाही. दुसरे प्रश्नास बोलाविते. ज्या विद्यार्थ्यास दहा वर्षे केवळ पहिलेच वाक्य शिकविले गेले, त्याच्या तोंडी दुसरे सहज येत नाही.

७. उपसंहार

या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची व्यवहारभाषा इंग्रजी आहे, आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांस तेथवर जावयाचे तर त्यांना इंग्रजी यावेच लागेल. त्याविषयी वाद नाही. परंतु शोध घेण्याची सवय व आपले म्हणणे प्रतिपक्षापुढे राखण्याची सवय या दोन्ही गोष्टी प्रथम ज्या भाषेत लागतात, ती बहुधा ज्या भाषेत मूल 'असं का?' म्हणून विचारते तीच असते. त्या भाषेत प्रश्न नीट विचारला गेला नाही, तर पुढे कोणत्याही भाषेत त्याचे उत्तर शोधले जाणे कठीण.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एक काम सुचवावेसे वाटते. विज्ञानाच्या परिभाषेवर आपल्याकडे पुष्कळ श्रम झाले आहेत. 'प्राचल', 'विष्यंदिता' यांसारखे शब्द त्याचे फळ होत. नामांची सोय झाली. क्रियापदांची व वाक्यरचनांची तितकी झालेली नाही. शालेय विज्ञानातील प्रश्नवाक्ये एकत्र करून त्यांतील क्रियापदे कोणती, कर्ता कोठे लोपतो, उत्तराचे किती सूचन प्रश्नातच होते, आणि विद्यार्थ्याच्या उत्तरावर त्याचा काय परिणाम होतो, हे कोणी तपासून पाहावे. प्रस्तुत लेखकाने एका वाक्यापुरते ते चुकून पाहिले. त्या चुकीमुळे विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचे वर्ष शोधाविना गेले, ही गोष्ट अद्याप मनास लागून आहे. दुसऱ्या वर्षीच्या त्या मुलीने पातळ्यांतील फरकाची नोंद असलेली कागदी पट्टी वहीत चिकटवून ठेविली आहे. तिच्याखाली तिने एकच वाक्य लिहिले आहे, आणि त्यात कर्ता आहे : 'हे मी पाहिले.'